फोटोवरून अंगातली चरबी सांगणारं ॲप: कितपत धरायचं?

मंडळी, जरा मदत पाहिजे.

मी लातूरचा, वय ४१. दालमिलमध्ये हिशेबाचं काम, दिवसभर खुर्ची. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. लांबून बघून कुणी जाड म्हणणार नाही, पण दिवाळीत बांधलेला करदोडा आता पोटात रुतायलाय. मागच्या महिन्यात शुगर बॉर्डरला निघाली. डॉक्टर म्हणाले, वजन राहू द्या, चरबीकडं बघा.

भाच्यानं मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. समोरून एक, बाजूनं एक फोटो काढला की टक्का हजर. पहिल्या रात्री ट्यूबलाइटखाली काढले: २८. झोपच उडाली. सकाळी अनशापोटी खिडकीसमोर उभारलो: २२. आता ६८ किलोचे ६ टक्के म्हणजे चार किलो झाले की! चार किलो तूप रात्रीतून गेलं कुठं? तिसऱ्यांदा बायकोनं काढले, पोरगं हसायलं म्हणून मी पोट आत ओढलं: १९.

यातला कोणता आकडा खरा? भाचा म्हणतो चरबी दाखवणारा वजनकाटा घ्या. का सरळ पुण्याला जाऊन डेक्सा (एक्स-रेनं हाडं अन् चरबी मोजणारा स्कॅन) करू?

प्रतिसाद (परभणीहून, फिजिओथेरपिस्ट):

दादा, तिन्ही सोडून द्या. कॅमेऱ्याला चरबी दिसत नाही, अंगाची बाहेरची रेघ दिसते. ज्यांची चरबी मशीनवर मोजलेली आहे अशा लोकांच्या आकाराशी ती ताडून ॲप अंदाज बांधतं. ते लोक आपल्यासारखे नसले की गणित चुकलं. आपल्याकडं हातपाय काडी अन् माल सगळा पोटात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचा अन् इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! शिवाय शुगरला नडते ती आतड्यांभोवतीची चरबी, ती फोटोत वेगळी कळत नाही.

काटा पायातून बारीक करंट सोडतो अन् अंगातल्या पाण्यावरून हिशेब लावतो. मे महिन्यात उन्हातून येऊन, पाणी न पिता त्यावर उभारलात तर चरबी उगीच जास्त दाखवणार. डेक्सा चांगला, पण हाडांसाठी करतात तो बहुतेक मणक्याचा अन् खुब्याचाच असतो, चरबीला पूर्ण अंगाचा लागतो. तुम्हाला आत्ता त्याची गरज दिसत नाही.

शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी अन् कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सोडून, पोट न ओढता (हे तुम्हालाच सांगतोय). आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बायकांना ८०. ॲप ठेवायचंच असेल तर फोन स्टुलावर एकाच उंचीला, सकाळची वेळ, तीच चड्डी, महिन्यातून एकदा. आकडा खाली सरकायलाय का वर, तेवढं बघा.

धागाकर्ता:

आभारी आहे. टेप लावला, ९४ भरलं. म्हणजे करदोड्याचंच बरोबर होतं. ॲप आत्ताच काढून टाकलं. पण ते उघड्या अंगाचे फोटो कंपनीच्या सर्व्हरवर राहिले असतील का हो? बायको कालपासून तेच विचारायलीय.