चिठ्ठी टाकून नाही, जॉब हातात घेऊन

तुमच्या कारखान्यातल्या सूचनापेटीत वर्षभरात चारच चिठ्ठ्या, त्यातल्या दोन चहाबद्दल, हे तुम्ही लिहिलेलं वाचून हसू आलं. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीतही, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातही, तेच झालं होतं. पण म्हणून 'कामगारांना नवं सुचत नाही' हा तुमचा निष्कर्ष पटत नाही. टोयोटानं १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना घेण्याची पद्धत सुरू केली, ती आजही चालू आहे.

आमच्या एका हाउसिंगच्या, म्हणजे यंत्राच्या कवचाच्या, कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या गॅसनं पडलेली भोकं, यायचे. ओतकामाची पद्धत ठरवणारे मेथडवाले साच्याच्या वाळूच्या ओलाव्याला दोष द्यायचे, वाळूवाले ओतणाऱ्यांना. आणि भोकं दिसायची कुठं, तर मशीनशॉपमध्ये, वरचा थर निघाल्यावर! शेवटी तिथल्या ऑपरेटरलाच खराब जॉब, म्हणजे तो भोकं पडलेला भाग, घेऊन मोल्डिंगला, म्हणजे साचे बनवतात तिथं, बोलावलं. भोकं दर वेळी कोअरच्या (भाग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) एकाच अंगाला असतात, हे त्यानं दाखवलं. कोअर बसवणारे मामा लगेच म्हणाले, "मग तिकडनं गॅस निघायला वाटच न्हाई की!" पॅटर्नवाल्यानं कोअरबॉक्समध्ये, म्हणजे कोअर बनवायच्या साच्यात, व्हेंट (गॅस निघायची वाट) वाढवला. खर्च किरकोळ, रिजेक्शन (खराब म्हणून बाद होणारे भाग) बरंच खाली आलं.

चूक कुणाची, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, म्हणून सगळे बोलले. ड्रॉइंगच्या बदलनोंदीत मामांचं नाव घालायला मात्र मला साहेबांशी भांडावं लागलं.