मदत हवी आहे: जामिनातली हजेरीची अट कशी काढायची?

सोलापुरी_शेंगा: धाकट्या भावाला जामीन झालाय, पण दर सोमवारी १० ते १२ गावाकडच्या ठाण्यात हजेरी आहे. आता चाकणला काम लागलंय. दर सोमवारी सुट्टी कोण देणार? वकील फोन उचलत नाहीत. लवकर सांगा, परवा सोमवार आहे.

रानवारा: गुन्हा कुठला? जामीन कुणी दिला, जेएमएफसी (खालचं मॅजिस्ट्रेट कोर्ट) की सेशन? हजेरी कधीपर्यंत लिहिलीय?

सोलापुरी_शेंगा: बांधावरचं भांडण हो. सेशन. अट सांगितली ना वर.

भाऊसाहेब: ठाणे अंमलदाराला भेटा, हातापाया पडा. आमच्या मेव्हण्याच्या महिन्याच्या सह्या रजिस्टरात एकदम घेतल्या होत्या.

रानवारा: भाऊसाहेब, कुणाला गोत्यात आणताय! अट कोर्टाची, पोलिसांना माफ करता येत नाही. फिर्यादीला कळलं तर जामीन रद्द करायचा अर्ज पडेल. जामीन दिला त्याच कोर्टात अट शिथिल करायचा अर्ज द्या, नेमणूकपत्र जोडा. हजेरी चाकणला मागता येते. आर्यन खानची दर शुक्रवारची एनसीबीतली (अमली पदार्थविरोधी विभाग) हजेरी हायकोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये काढलीच की.

भाऊसाहेब: त्याला जामीनदार जुही चावला! आम्हाला सातबारावाला मिळता मिळत नाही.

कोर्टकचेरी: जामीनदार नसेल तर कॅश बेल, म्हणजे रोख रक्कम भरून जामीन मागा. सुप्रीम कोर्टाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत, महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं.

सोलापुरी_शेंगा: अहो भाऊ बाहेर आहे! जामीनदार मामाच आहेत.

रानवारा: ऑर्डरमधली हजेरीची ओळ जशीच्या तशी टाका बरं.

सोलापुरी_शेंगा: इंग्रजीत आहे. अर्थ असा की दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत दर सोमवारी १० ते १२. चार्जशीट तर दिवाळीआधीच गेली.

रानवारा: मग हे आधी सांगायचं ना! हजेरी तिथेच संपली. तरी परवा जाऊन या. ऑर्डरची प्रत आणि केस नंबर लावून हजेरी संपल्याचा लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तोंडी "येऊ नको" म्हणाले तर ऐकू नका. अडवलंच तर कोर्टात अर्ज. चाकणचा पत्ताही लेखी कळवा, बहुतेक ऑर्डरमध्ये तशी अट असते.

भाऊसाहेब: म्हणजे ठाण्यातच जायचंय. मी काय वेगळं सांगत होतो?

सोलापुरी_शेंगा: बरं. आणि कोर्टाच्या तारखेला सुट्टी नाही मिळाली तर?

रानवारा: त्या दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज. न कळवता दांडी मारली तर वॉरंट निघू शकतं. वकील फोन उचलत नसतील तर उद्या सकाळी घरी गाठा.