पाळी गेल्यावर हार्मोन: हृदयाची भीती किती धरायची?

पार्लेकरीण: वय ५१. भरल्या विरार लोकलमध्ये अंगातून वाफा निघतात, रात्री दोनदा गाऊन बदलते. डॉक्टर म्हणतात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावा, जाऊबाई म्हणतात हार्ट अटॅक येईल. ही भीती २००२ साली अर्ध्यात थांबवलेल्या अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीची; तिच्यात हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसला. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३! तो निकाल पन्नाशीतल्या आमच्या माथी का? २००७ मध्ये तीच माहिती वयानुसार पाहिली, तेव्हा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्यांत हृदयविकार वाढलेला दिसला नाही.

परळची सुमा: अर्धंच सांगितलंत. त्याच फेरतपासणीत स्ट्रोकचा धोका मात्र पाळी जाऊन किती वर्षं झाली यावर अवलंबून नव्हता. आणि २००२च्या आधी काय चाललं होतं? हार्मोन घेणाऱ्यांना अटॅक कमी येतात, म्हणून हृदयासाठीच गोळ्या द्या! त्या बायका मुळातच सुखवस्तू, तब्येत जपणाऱ्या होत्या. १९९८ची ‘हर्स’ चाचणी हृदयविकार असलेल्या २,७६३ जणींवर झाली: एकूण फायदा काही नाही, पहिल्या वर्षी तर त्रास वाढलाच.

पार्लेकरीण: हृदयासाठी कोण मागतंय, ताई? मला झोप हवीय.

गिरगावकर: सुमाताई, आकडाही सांगा की. २००२च्या त्या चाचणीत हार्मोन घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण ७ जणींना हृदयविकार जास्त, स्ट्रोक ८ जणींना जास्त. शिवाय ती गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी, सोबत कृत्रिम प्रोजेस्टोजेन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं औषध. पॅचमधलं औषध आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी दिसतो.

परळची सुमा: ‘दिसतो’ म्हणालात ते बरं केलंत. पॅचचा हा पुरावा बहुतांशी निरीक्षणांचाच आहे, म्हणजे चाचणी न करता, घेणाऱ्या नि न घेणाऱ्या बायकांची नुसती तुलना, आणि आधी निरीक्षणांवरच तर सगळे फसले होते. अमक्याच्या बायकोला मानवलं म्हणून व्हॉट्सॲपवर पॅच सुचवणाऱ्यांचा तर मला रागच येतो. पार्लेकरीण, गर्भाशय शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, प्रोजेस्टेरॉन लागतं. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल कधी बघितलंत? घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, गुठळ्या?

पार्लेकरीण: घरात नाही कुणाला. बीपी १२४/८०, साखर ठीक, कोलेस्टेरॉल राहिलंय. सोमवारी उपाशीपोटी जाऊन रक्त देते. रिपोर्ट बरा आला तर पॅच लावणार, जाऊबाई काहीही म्हणोत.