झूम केल्यावर पक्षी धूसर, फांदी मात्र स्पष्ट

प्रश्न: छोटा कॅमेरा, ३० पट झूम. फोकस नेहमी फांदीवरच जातो. काय बदलू?

उत्तर: फोकसचा चौकोन मध्यभागी, सर्वांत लहान करा. मोठा चौकोन जवळची, ठळक कडांची फांदीच पकडतो. तरी चुकलं तर पक्ष्याइतक्याच अंतरावरच्या खोडावर बटण अर्धं दाबून धरा आणि मग कॅमेरा वळवा. डिजिटल झूम बंदच हवा, तो नुसते पिक्सेल ताणतो.

उत्तर: हातही हलत असेल. पूर्ण झूमला शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा. पक्षी निवांत बसला असेल तर स्टॅबिलायझेशनवर (हाताची थरथर सावरणारी कॅमेऱ्यातली सोय) १/२५० चालतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० च्या वर छोट्या सेन्सरवर पिसांचे बारकावे पुसले जातात, म्हणून सूर्य पाठीशी घ्या.

उत्तर: मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +१ करा. आणि कृपा करून घरट्याजवळ जाऊ नका.