मदत हवी आहे: केशवानंद भारती खटल्याचा रेशो (निकालातलं बंधनकारक तत्त्व) नेमका काढायचा कसा?

मंडळी, मी एलएलबी दुसऱ्या वर्षाला आहे, दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास. केस ब्रीफ (निकालाचा थोडक्यात आढावा) लिहायला बसलो की फॅक्ट्स, इश्यू जमतात पण रेशो कुठला न ऑबिटर (जजनी ओघात केलेली, बंधनकारक नसलेली टिप्पणी) कुठला इथं गाडी अडकते ती अडकतेच. आता केशवानंद भारतीच घ्या, सुप्रीम कोर्टाचा १९७३ चा निकाल, १३ जज, ११ वेगवेगळी निकालपत्रं, ७ विरुद्ध ६, आणि त्या सातातही न्या. खन्ना वेगळ्याच वाटेनं आलेले, शेवटी बहुमताच्या सारांशावर सह्या फक्त ९ जणांच्या! मग बाइंडिंग धरायचं काय?

हायलायटर संपला, पानं सगळी पिवळी, डोक्यात शून्य. गाईडमध्ये 'बेसिक स्ट्रक्चर' (संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येत नाही) म्हणून चार ओळीत उरकलंय, तेवढं पाठ करून पास होईन हो, पण मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या लुटुपुटीच्या कोर्टात) उलटा प्रश्न आला की त त प प होतं (मागच्या महिन्यात झालंय, बेंचवरचे सर हसले).

तुम्ही एवढं मोठं जजमेंट वाचताना सुरुवात कुठून करता, हेडनोट (निकालाच्या सुरुवातीचा सारांश) की डायरेक्ट शेवटची ऑर्डर? आणि कुणाकडे हाताने लिहिलेल्या ब्रीफचा फोटो असेल तर टाका ना प्लीज, अक्षर कसंही चालेल.