जप्तीतलं घर विकताना गिऱ्हाइकाला कधी सांगायचं?

उंबरठा:
वडिलांनी धंद्यासाठी उधारीवर माल उचलला होता. धंदा बसला, माल देणाऱ्याने दावा लावला, पैसे द्यायचा कोर्टाचा हुकूमनामा झाला. वडील गेल्यावर दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या अर्जात, वारस म्हणून माझं आणि बहिणीचं नाव लागलं. आता घर जप्त आहे. जप्त म्हणजे कुलूप वगैरे काही नाही. बेलिफाने मनाई हुकमाचा कागद दारावर डकवला, डफ वाजवला (हो, अजून वाजवतात) आणि गेला. आम्ही राहतोय तिथेच. लिलावाचा हुकूमही झालाय, तारीख पडायची आहे.

हिशेबासाठी धरा, घराची किंमत ९० लाख आणि देणं व्याज-खर्चासकट २२ लाख. म्हणजे घर विकून देणं फिटतं आणि वर बरंच उरतं. एक जोडपं बघायला आलं, त्यांना घर आवडलं. कपाटं कुठे ठेवायची इथपर्यंत त्यांचं बोलणं गेलं होतं. मी त्याच भेटीत जप्तीचं सांगून टाकलं. पायऱ्या उतरताना त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

मामांचं म्हणणं, "आधी विसार घ्यायचा, मग सांगायचं. पैसे अडकले की माणूस मागे फिरत नाही." माझं मत असं की लिलावात जाऊ देण्यापेक्षा आपण होऊन विकावं, पण पहिल्या भेटीत सांगून. घरात मी बावळट ठरलोय. तुम्ही काय म्हणाल?

रोखठोक:
मामांचं बरोबर आहे. स्थळ बघायला आलेल्यांपुढे पहिल्याच बैठकीत मुलीचा मंगळ कोण काढतं? मिळकत तपासणं हे घेणाऱ्याचं काम. त्याचा वकील सर्च घेईल (म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदी तपासेल), जाहीर नोटीस देईल, त्यात निघायचं ते निघेल. तुम्ही खोटं बोलू नका, विचारलं तर सांगा. न विचारता स्वतःची फिर्याद स्वतःच वाचून दाखवायची गरज नाही.

पोळलेला:
नाव बघूनच ओळखलं असेल. रोखठोक, तुमचा तो "सर्च" मी घेतला होता. तीस वर्षांचा. नोंदणी कार्यालयाच्या सूची दोनमध्ये एक ओळ वावगी नव्हती, कारण तिथे नोंदलेले दस्त दिसतात आणि जप्ती हा कुणी नोंदवलेला दस्त नव्हता. माझ्या बाबतीत तो कागद कोर्टाच्या फलकावर होता आणि दारावर होता. दारावरचा विकणाऱ्याने फाडून टाकला होता. खरेदीखत झालं, मुद्रांक शुल्क भरलं, सामान लावलं आणि आठ महिन्यांनी बेलिफ. तेव्हापासून मी चार वर्षं कोर्टात "मी प्रामाणिक खरेदीदार आहे" असं सांगतोय. मंगळाची उपमा तुम्हाला सुचली, कारण तुमच्या दारात बेलिफ आलेला नाही.

काळा_डगला:
दोन गोष्टींची गल्लत होतेय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे जप्तीनंतर केलेली खाजगी विक्री जप्तीखालच्या मागणीपुरती शून्य असते. शून्य म्हणजे हुकूमनामाधारकाच्या दृष्टीने ती झालीच नाही. त्याने लिलाव लावला की घेणाऱ्याला "मी पैसे मोजले, मला माहीत नव्हतं" हे सांगून सुटता येत नाही. पोळलेल्यांचं नेमकं तेच चाललंय. दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी शाबीत झाली, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका.

दुसरं, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५. घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा मालकीतला मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. तो लपवणं कायदा लबाडी धरतो. रोखठोक, "विचारलं तर सांगू" ही पळवाट इथे चालत नाही.

आता मामांच्या विसाराबद्दल. विसार घेऊन मग सांगितलंत तर समोरचा आधी वकिलाकडे जाईल, मग पोलिसात. तुमच्यावर एक दावा आहे, त्याचे तीन होतील.

रोखठोक:
ठीक, जप्ती झाली असेल तर मान्य. पण नुसता हुकूमनामा झालाय, जप्ती नाही, अशी स्थिती घ्या. पैशाच्या हुकूमनाम्याने घरावर आपोआप बोजा चढत नाही, बरोबर ना? मग घर मोकळं आहे. मोकळं घर विकताना माझ्या डोक्यावर कुणाचं किती देणं आहे ते घेणाऱ्याला का सांगू? तो माझ्या क्रेडिट कार्डाचं बिल विचारतो का?

काळा_डगला:
कायद्याच्या शब्दावर बरोबर आहात, हे मान्य करावं लागेल. साध्या पैशाच्या दाव्यात घरावरचा हक्क वादात नसतो, म्हणून त्याच हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ चं दावा चालू असतानाच्या विक्रीचं बंधनही लागत नाही. पण कलम ५३ आहे. धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, बुडवायच्या किंवा रखडवायच्या हेतूने मिळकत हलवली तर धनको तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. चांगल्या भावनेने, मोबदला देऊन घेणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. मेव्हण्याच्या नावावर निम्म्या भावात फिरवलेल्या घराला नाही. म्हणजे तुम्ही बाजारभावाने तिऱ्हाइताला विकलंत आणि देणं फेडलंत तर कुणाला बोलायला जागा नाही. पैसे घेऊन गायब झालात तर आहे.

उंबरठा:
मला ही रोखठोकांची केस सगळ्यात अवघड वाटते. कायदा सांग म्हणत नाही. पण साठेखत (विक्रीचा आधीचा करार) आणि खरेदीखत यांच्यामध्ये दोन-तीन महिने जातात, कर्ज मंजूर व्हायचं असतं. त्या मधल्या काळात जप्ती आली तर?

काळा_डगला:
साठेखत जप्तीच्या आधीचं आणि नोंदणीकृत असेल तर घेणारा वाचतो. २००२ च्या दुरुस्तीने कलम ६४ ला पोटकलम जोडलं, ते यासाठीच. नोटरीकडचं किंवा साध्या स्टॅम्पवरचं असेल तर त्याला हा आधार मिळत नाही. म्हणून हुकूमनामा असलेल्या माणसाकडून घर घेणाऱ्याने साठेखत नोंदवूनच घ्यावं. आणि तो ते तेव्हाच करेल, जेव्हा त्याला हुकूमनामा माहीत असेल. यातून काय घ्यायचं ते रोखठोकांनी ठरवावं.

धनको:
इतका वेळ सगळे विकणारा आणि घेणारा यांचंच दुःख उगाळताहेत. तिसरा माणूस कुणाला दिसतोय का? मी तो आहे. हुकूमनामा हातात घेऊन नववं वर्ष चालू आहे. बजावणीची, म्हणजे कोर्टामार्फत वसुलीची, मुदत १२ वर्षं. हुकूमनाम्यानंतरचं व्याज मला ६ टक्क्यांनी मिळतंय, माझ्याच कर्जावर मी बँकेला त्याच्या जवळपास दुप्पट भरतो. माझ्या ऋणकोने (देणेकऱ्याने) आत्तापर्यंत "घर विकून देतो" हे तीनदा कोर्टात सांगितलंय. दर वेळी गिऱ्हाईक "जवळजवळ पक्कं" असतं.

उंबरठा, तुम्ही सज्जन असाल, पण "लिलावापेक्षा आपण विकू" हे वाक्य माझ्या कानाला "अजून दोन वर्षं द्या" असंच ऐकू येतं. तुमच्या धनकोच्या जागी मला धरा, माझे २२ लाख आहेत. घर लिलावात ६० ला गेलं तरी मला पूर्ण मिळतात. भाव कमी आला तर तो तुमचा तोटा, माझा नाही.

उंबरठा:
हे टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. पण ६० आणि ९० मधले ३० लाख कुणाच्याच खिशात जाणार नाहीत, लिलावात बोली लावणाऱ्या माणसाला फुकटात मिळतील. तुमचा त्यात काय फायदा?

धनको:
माझा फायदा तारीख. लिलावाला तारीख असते. तुमच्या गिऱ्हाइकाला नसते.

काळा_डगला:
लिलावात भाव का पडतो, तेही सांगतो. हातोडा पडताच २५ टक्के रक्कम भरायची आणि बाकीची १५ दिवसांत. गृहकर्जावर घर घेणारं नोकरदार जोडपं तिथे येऊच शकत नाही. येतात ते रोकड बाळगणारे, जे लिलावांवरच जगतात, आणि ते आपापसात भाव ठरवून येतात असा माझा अनुभव आहे. देणं फिटायला पुरेल तेवढाच मिळकतीचा भाग विकायचं बंधन कोर्टावर आहे, पण शेताचा तुकडा पाडता येतो, फ्लॅटचं स्वयंपाकघर तेवढं वेगळं काढून विकता येत नाही.

उंबरठा, तुम्हाला हवी ती वाट कायद्यात आहे आणि ती मामांना माहीत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम ८३. लिलावाचा हुकूम झाल्यावर ऋणको अर्ज करू शकतो की खाजगी विक्रीतून एवढी रक्कम उभी राहील असं मानायला जागा आहे, लिलाव पुढे ढकला. कोर्टाला पटलं तर ते मुदत घालून दाखला देतं, आणि त्या दाखल्यावर केलेल्या विक्रीला कलम ६४ आड येत नाही. मात्र गिऱ्हाइकाचे पैसे तुमच्या हातात येणार नाहीत, कोर्टात जमा होतील. आणि कोर्टाने कायम केल्याशिवाय विक्री पक्की होत नाही.

धनको, तुमच्या तारखेचा प्रश्नही यात सुटतो. दाखल्यात मुदत असते. मुदत संपली की लिलाव.

धनको:
मुदत वाढवून मिळते, हे तुम्ही सांगायचं विसरलात.

काळा_डगला:
वाढते. त्याला विरोध करायला तुमचा वकील असतो. पण तुमच्या जागी मी असतो तर नुसत्या तोंडी आश्वासनावर मीही मुदत देऊ दिली नसती. गिऱ्हाइकाचं नाव, ठरलेला भाव, बँकेचं मंजुरीपत्र, हे अर्जासोबत लावा म्हणालो असतो.

सातासमुद्रापार:
वाचताना गंमत वाटली. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत निवाडा काउंटीत नोंदवला की तो ऋणकोच्या तिथल्या स्थावरावर बोजाच होतो. घर विकायला काढलं की टायटल कंपनीच्या तपासणीत निघतो आणि खरेदीच्या दिवशी विक्रीच्या रकमेतून धनकोचे पैसे परस्पर कापून जातात. सांगायचं की नाही हा वादच उद्भवत नाही. लपवायला जागा नाही म्हणून लोक प्रामाणिक आहेत, एवढंच.

पोळलेला:
तेच मागतोय मी! सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचं कर्ज दिसतं, मग कोर्टाची प्रत्येक जप्ती एका जागी का दिसू नये? तोवर एक उपाय सांगतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. विकणाऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, स्पेलिंग चार प्रकारे बदलून. मी हे घर घेण्याआधी केलं असतं तर दहा मिनिटांत दरखास्त सापडली असती.

थोरली_पाती:
मूळ विषयाला थोडा फाटा. घर बहिणीच्याही नावावर आहे ना? आमच्याकडे तीन भावंडांत एकाच्याच स्वतःच्या देण्यापायी जप्ती आली, तेव्हा फक्त त्याचा हिस्सा जप्त झाला. कुटुंबाच्या राहत्या घराचा अविभक्त हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला आत येऊन राहता येत नाही. तो वाटपाला गेला तर कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घ्यायची मागणी घरच्यांना करता येते. आम्ही तसंच सोडवून घेतलं. आणि हो, "राहतं घर जप्त होत नाही" असं आम्हाला दहा जणांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ती सवलत शेतकरी, मजूर, घरगडी यांच्या राहत्या घराला आहे. पगारदाराच्या फ्लॅटला नाही.

उंबरठा:
आमच्याकडे देणं वडिलांचं आणि घरही वडिलांचंच होतं, त्यामुळे अख्खं घर जबाबदार. आमचा स्वतःचा पगार आणि बचत त्यातून बाहेर, एवढाच दिलासा. बहिणीची सही मिळेल, ती माझ्याच मताची आहे. मामा एकटे पडलेत.

रोखठोक:
एकटे नाहीत. मी अजून म्हणतो, पहिल्या भेटीत सांगणं हा मूर्खपणा. जप्ती असेल तर विसाराच्या आधी सांगा, इथपर्यंत आलो. पण दारात पाऊल टाकल्याबरोबर नाही. माणसाला आधी घर बघू द्या, उजेड कुठून येतो ते कळू द्या. "जप्ती" हा शब्द पहिला ऐकला की पुढचं काहीच ऐकू येत नाही. त्या जोडप्याला नियम ८३ सांगितला होता का?

उंबरठा:
मलाच आज कळला.

रोखठोक:
बघा. तुम्ही आजार सांगितलात, औषध नाही. कोण थांबेल?

काळा_डगला:
रोखठोकांशी पहिल्यांदाच सहमत. एक सावधगिरी. धनकोशी कोर्टाबाहेर तडजोड करून पैसे दिलेत तर तिथेच थांबू नका. कोर्टात वसुलीची पुरशिस (पैसे मिळाल्याचं धनकोचं लेखी निवेदन) दाखल होऊन नोंद झाली नाही, तर बजावणी करणाऱ्या कोर्टाच्या लेखी ते पैसे दिलेच गेलेले नाहीत. तो टाळाटाळ करत असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करा, त्याला ३० दिवसांचीच मुदत आहे. आणि जप्ती उठल्याचा हुकूम हातात घ्या, घेणाऱ्याची बँक तोच मागेल.

धनको:
पैसे पूर्ण आले तर पुरशिस मी धावत जाऊन देईन. नऊ वर्षं झाली, कोर्टाचा जिना पाठ आहे.

पोळलेला:
उंबरठा, मी तुमचं गिऱ्हाईक असतो आणि तुम्ही हे सगळं, हुकमाची नक्कल, देण्याचा आकडा, कोर्टात पैसे भरायची सोय, असं टेबलावर मांडलं असतंत, तर मी पळालो नसतो. भावात चार-पाच टक्के पाडून मागितले असते. घेतलं असतं.

उंबरठा:
मामांना सगळं वाचून दाखवलं. नियम ८३ वर काही बोलले नाहीत. म्हणाले, "तो पोळलेला कोण आहे, त्याला रविवारी घर दाखवायला बोलाव."