जुनी गाडी : ब्रेक पेडल हळूहळू खाली जातंय आणि गाडी डावीकडे ओढतेय, तपासायला सुरुवात कुठून करू?

प्रश्न

नमस्कार मंडळी, एक बरीच जुनी सेकंडहँड गाडी घेतलीये, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस नाही. इंजिन मस्त आहे पण ब्रेकवर भरवसाच बसत नाहीये. पेडल पहिल्यांदा दाबलं की बरंच खाली जातं, लगेच परत दाबलं तर वर येतं आणि कडक लागतं. पण सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं की तेच पेडल हळूहळू खाली सरकत जातं. दुसरं म्हणजे अर्धा तास चालवल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागते, ब्रेक न लावतासुद्धा, आणि थांबून हात जवळ नेला तर पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा खूपच गरम असतं. ब्रेक ऑइल काळपट झालंय, लेव्हल थोडीशी उतरलीये पण गाडीखाली डाग नाही.

मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा), कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा), पॅड, शू (ड्रमला आतून घासणारे) सगळं एकदम बदलून टाका. बदलायला हरकत नाही पण नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय पार्ट टाकायचे नाहीत असं ठरवलंय. घरच्यांना घेऊन फिरायचंय या गाडीतून.

प्रतिसाद १

आधी गाडी उभी करा. पेडल खाली सरकतंय म्हणजे रस्त्यावर न्यायची नाही, गॅरेजला न्यायची असेल तरी टो करून न्या.

आता मुद्दा असा की तुम्ही जे सांगताय ते एक नाही, तीन वेगळे प्रॉब्लेम असू शकतात आणि मेकॅनिक लोक तिन्हीची एकच गोळाबेरीज करतात. पहिल्या दाबात खाली आणि दुसऱ्या दाबात वर हा एक, दाबून धरल्यावर सरकणं हा दुसरा आणि डावं चाक गरम हा तिसरा. एकेक वेगळा करून बघा.

सरकण्याचं बघू. इंजिन बंद करा, चार-पाच वेळा पेडल मारून बूस्टरमधला (पेडलला व्हॅक्यूमने मदत करणारा भाग) व्हॅक्यूम संपवा, मग पेडल मध्यम जोराने दाबून मिनिटभर धरा आणि सरकतं का बघा. नंतर अगदी हलक्या पायानेही धरून बघा, कारण मास्टरचे रबर झिजलेले असले की जोरात दाबल्यावर ते फुगून सील करतात आणि हलक्या दाबात मात्र ऑइल मागे सोडतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि मग गॅरेजमध्ये दोन्ही पाय देऊन पेडल दाबतात आणि मास्टर ठीक आहे म्हणतात. याच टेस्टमध्ये बूस्टरही बघून घ्या, पेडल दाबून ठेवूनच इंजिन चालू केलं की ते किंचित खाली गेलं पाहिजे, गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघावा लागेल.

आणि मास्टर जिथे बूस्टरला बसतो तो जॉइंट खालून बोट फिरवून बघा. मागचं सील गेलं तर ऑइल बूस्टरच्या आत जातं, खाली एक थेंबही पडत नाही.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे पण पहिल्या दाबाचं मास्टरवर ढकलू नका. पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणजे एकतर सिस्टीममध्ये हवा आहे किंवा मागचे शू ड्रमपासून लांब गेलेत. जुन्या गाड्यांत ड्रमचा ऑटो अ‍ॅडजस्टर गंजून बसतो आणि शू झिजले तरी पुढे सरकत नाही, मग पहिला दाब नुसतं अंतर भरण्यात जातो. हँडब्रेक थोडा ओढा, दोन-तीन दात, आणि मग पेडल दाबा. पेडल लगेच वर मिळालं तर दोष मागच्या ड्रमच्या सेटिंगचा. काही फरक पडला नाही तर हवा. आणि पेडल स्पंजसारखं लागतं का तेही बघा, हवेचं पेडल मऊ लागतं, ड्रमच्या गॅपचं मऊ नसतं, फक्त उशिरा लागतं.

हवा काढूनही जात नसेल तर कॅलिपरवर निपल (हवा काढायचा स्क्रू) कुठे आहे ते बघा, ते सगळ्यात वर असायला हवं. आधीच्या कुणी डावा कॅलिपर उजवीकडे बसवला असेल तर निपल खाली येतं आणि मग कितीही एअर काढा, वरची हवा तिथेच राहते. जुन्या गाडीत आधी कुणी काय करून ठेवलंय सांगता येत नाही.

ड्रम काढाल तेव्हा व्हील सिलेंडरचं (ड्रममध्ये शू ढकलणारा छोटा सिलेंडर) रबरी बूट हळूच उचलून आत ओलं आहे का बघा. आतली पूड हवा मारून उडवू नका प्लीज, जुन्या शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

प्रतिसाद ३

डाव्या चाकाबद्दल. ब्रेक लावल्यावरच डावीकडे ओढत असेल तर उजवं चाक कमी धरतंय अशीही शक्यता असते, आणि लोक तिथेच फसतात, डावा कॅलिपर बदलतात आणि दोष उजवीकडे निघतो. पण तुमची न लावताही ओढतेय आणि डावं चाक तापतंय, म्हणजे डावा ब्रेक सुटत नाहीये हे नक्की.

का सुटत नाही हे बघायला, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावून पुढचं डावं चाक उचला, जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. पेडल दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड असेल तर कॅलिपरचं निपल थोडं सैल करा. ऑइलची पिचकारी उडून चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकला होता, म्हणजे कॅलिपरला नाहक शिक्षा करू नका, रबरी होज पाइप बघा. हा पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो पण आतून सुजून बंद होतो, पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं आणि परत यायला मात्र जोर नसतो. खात्री करायची तर परत दाबा आणि या वेळी होजच्या अलीकडचा, लोखंडी पाइपकडचा नट सैल करा, तिथे सोडून चाक मोकळं झालं नाही आणि निपलला झालं तर दोष होजचाच. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर मग पिस्टन जाम किंवा कॅलिपरच्या स्लायडर पिना कोरड्या पडल्यात.

दोन्ही पुढची चाकं धरून बसत असती तर मी मास्टरचा पुशरॉड (त्याचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब सेट झालाय का ते आधी बघा म्हणालो असतो, पण तुमचं एकाच चाकाचं आहे.

प्रश्नकर्ता

खूप धन्यवाद सगळ्यांना, रविवारी मित्राला घेऊन सगळं केलं. हँडब्रेक ओढल्यावर पेडल चांगलंच वर येतं. डाव्या चाकाचं निपल सोडलं आणि चाक मोकळं झालं, होजच्या अलीकडे सोडल्यावर नाही झालं. हलक्या पायाने पेडल सरकतंय, जोरात दाबल्यावर जवळपास नाहीच. बूस्टर ठीक. मागच्या उजव्या व्हील सिलेंडरचं बूट आतून ओलसर आहे. मग आता सरकणं त्या गळतीमुळे की मास्टरमुळे? आणि मास्टरला नुसतं किट (आतली नवी रबरं) टाकून चालेल का?

प्रतिसाद १

असा विचार करा, पेडल खाली गेलं म्हणजे तेवढं ऑइल कुठेतरी गेलंच पाहिजे. प्रत्येक सिग्नलला ते व्हील सिलेंडरमधून बाहेर जात असतं तर ड्रम आतून भिजला असता आणि डबा केव्हाच रिकामा झाला असता. तुमची लेव्हल थोडीच उतरलीये आणि तीही पॅड झिजल्याने उतरू शकते. म्हणजे ऑइल मास्टरच्या आतच पुढून मागे जातंय. व्हील सिलेंडर तरी बदलाच, ओलसर म्हणजे तो चाललाच आहे, आणि त्या शूला ऑइल लागलं असेल तर शू दोन्ही चाकांचे घ्या, एकाच बाजूचे नको.

किट टाकायचं तर आधी बोअर (मास्टरच्या आतली भिंत) उजेडात धरून बघा. गंजाचे खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवं रबर तिथेच परत फाटतं, अशा वेळी पूर्ण मास्टर घ्या आणि गाडीला लावायच्या आधी त्यातली हवा काढून घ्या. होज पुढचे दोन्ही बदला, दुसराही त्याच वयाचा आहे.

प्रतिसाद ३

ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) नवं असताना निदान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी धरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते, आणि लांब उतारावर तापलेल्या चाकाशी ऑइल उकळलं की वाफ होऊन पेडल सरळ तळाला. दर दोन वर्षांनी बदलत जा. डब्याच्या झाकणातलं रबर फुगलेलं दिसलं तर मात्र थांबा, कुणीतरी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओतलेलं असू शकतं आणि मग सगळीच रबरं बदलावी लागतात.

एअर काढताना जुना मास्टर ठेवणार असाल तर पेडल पार तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथे जात नाही तिथे गंज साठलेला असतो आणि रबर त्यावर घासलं की गेलं. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या, काही गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांचे ऑइलचे वेगळे सर्किट असतात, काहींत तिरके, म्हणजे एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक एकत्र.

सगळं झाल्यावर आधी जागेवर इंजिन चालू ठेवून पेडल धरून बघा, मग मोकळ्या सपाट जागी चालण्याच्या वेगात थांबवून बघा, आणि चार-पाच वेळा थांबवल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. डावं पुढचं उजव्याइतकंच गरम लागलं तरच घरच्यांना बसवा.